एल्मर टेव्जचे दोन अक्षरी व्याख्यान

वाचनालयाचे पत्र एल्मर टेव्जने तीनदा वाचले आणि मग न्याहारीच्या टेबलावर उलटे घालून ठेवले. पत्र उलटे घातल्याने आतला मजकूर बदलत नाही, हे टीनाने चाळीस वर्षांच्या संसारात त्याला अनेकदा सांगून पाहिले होते.

"काय म्हणतायत?" तिने कॉफी ओतत विचारले.

"खोली काढून घेतायत. गुरुवारची."

"का?"

"योग करणाऱ्यांना द्यायचीय म्हणे. नवा नियम आलाय. ज्यांना खोली फुकट पाहिजे, त्यांनी लोकांना काहीतरी ज्ञान द्यायचं."

"आणि तुम्ही देत नाही."

"आम्ही स्क्रॅबल खेळतो."

"तेच म्हणते मी," टीना म्हणाली.

एल्मरचे दुःख कळायला त्याचा क्लब माहीत असायला हवा. विनिपेग शहराच्या उत्तर भागातल्या त्या लहानशा वाचनालयाच्या तळघरात गेली एकतीस वर्षे दर गुरुवारी, दुपारी एक ते पाच, अकरा माणसे स्क्रॅबल खेळत होती. नाताळात नातवंडांना घेऊन खेळतात तसे नव्हे. इथे प्रत्येक पटाशेजारी बुद्धिबळाचे दुतोंडी घड्याळ असे. शब्द लावायचा, घड्याळ दाबायचे, गप्प बसायचे. चार तासांत कुणी कुणाशी धड चार वाक्ये बोलत नसे, आणि सगळे अतिशय सुखात होते.

या मंडळींना शब्द हजारोंनी पाठ होते. अर्थांशी मात्र त्यांना काही देणेघेणे नव्हते. त्यांच्या स्पर्धांची जी जाडजूड यादी असते तिच्यात अर्थ छापलेलेच नसतात, आणि जागा वाचवली हे फार चांगले केले असे क्लबचे एकमत होते. एल्मरला तर हे जन्मजात मानवणारे होते. त्याने चौतीस वर्षे टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी केली होती. पाकिटावरचा कोड वाचायचा आणि पत्र योग्य खणात टाकायचे. आत कोण मेले, कोण जन्मले, याच्याशी आपला संबंध नाही. हीच शिस्त त्याने शब्दांना लावली आणि एकोणीस वर्षे क्लबचे अध्यक्षपद भूषवले.

या खेळात आणखी एक गंमत आहे. अस्तित्वात नसलेला शब्दही खुशाल लावता येतो. चेहरा ढिम्म ठेवायचा आणि घड्याळ दाबायचे. समोरच्याला संशय आला तर तो "हरकत" म्हणतो, घड्याळ थांबवतो आणि शब्द संगणकावर तपासला जातो. खोटा निघाला तर आपल्या अक्षरांच्या सोंगट्या परत उचला. खरा निघाला तर हरकत घेणाऱ्याचीच पाळी बुडते. पण कुणी हरकतच घेतली नाही, तर थाप पचली आणि तो शब्द खरा झाला. एल्मरइतका ढिम्म चेहरा अख्ख्या मॅनिटोबा प्रांतात कुणाचा नव्हता.

"मग इथे घरीच खेळा की," असे एखादी बायको म्हणाली असती. टीना म्हणाली नाही आणि एल्मरने सुचवलेही नाही. पंधरा वर्षांपूर्वी थंडीने वाचनालयाचा नळ फुटला होता, तेव्हा क्लब एका गुरुवारी टेव्जांच्या घरी भरला होता. टीनाने सकाळपासून खपून प्लमचा प्लात्झ भाजला होता. खाली मऊ पाव, मध्ये आंबटगोड फळ, वर लोणी-साखरेचा खुसखुशीत चुरा. टीनाच्या आजीच्या आजीने तो युक्रेनमधून बोटीने येताना डोक्यात आणला होता. "प्लात्झ घ्या," असे म्हणत टीनाने ताट पुढे केले. त्यावर मॅव्हिस ओलाफसन नावाच्या बाईने पटावरची नजर न काढता सांगितले, "प्लात्झ असा शब्द नाही." मग तिने खात्रीसाठी यादी उघडून बघितली, आणि उरलेल्या नऊ जणांनी माना डोलावल्या. त्यानंतर त्यांनी ताट चाटूनपुसून रिकामे केले, पण टीनाने माफ केले नाही. नवऱ्याची मान त्या वेळी नेमकी कोणत्या दिशेला हलली होती, हे तिला अजून आठवत होते.

तेव्हा खोली गेली म्हणजे क्लब गेला. आणि क्लब गेला म्हणजे गुरुवार गेला. एल्मरने उणे अठ्ठावीसात इंजिन गोठू नये म्हणून गाडीला लावलेली विजेची वायर काढली आणि थेट वाचनालय गाठले.

वाचनालयाच्या नव्या प्रमुख डॅफ्नी बिलिक ह्या फार गोड बोलत. त्यांच्या गोडीला तिथले कर्मचारी घाबरत.

"टेव्ज साहेब, तुमचा क्लब म्हणजे छानच," त्या म्हणाल्या. "फक्त मला सांगा, तुमच्यामुळे वस्तीला काय मिळतं?"

"शांतता," एल्मर म्हणाला.

"छानच. पण शब्दांचा एवढा अभ्यास, तो जरा लोकांनाही द्या ना. पुढच्या गुरुवारी आपली शेजाऱ्यांची दुपार आहे. तुम्ही अर्धा तास बोला. एक छोटासा शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, कोणत्या भाषेत त्याचा काय अर्थ, ते सांगायचं. तुमच्यासारख्या जाणकाराला काय अवघड आहे?"

खरे तर इथेच "बाई, आम्हाला अर्थ येत नाहीत" असे सांगता आले असते. पण समोर कुणीतरी बसून आपल्या तोंडाकडे बघते आहे म्हटल्यावर एल्मरचा चेहरा सवयीने ढिम्म झाला.

"काही अवघड नाही," तो म्हणाला.

शब्द कोणता घ्यायचा, यावर क्लबची सभा भरली. एकतीस वर्षांतली ही पहिलीच सभा असल्यामुळे सुरुवात कशी करतात हे कुणाला ठाऊक नव्हते. शेवटी पर्ला बाउतिस्ता बोलली. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि क्लबमध्ये सगळ्यात धाकटी, म्हणजे त्रेपन्न वर्षांची.

"पिशवीतून काढू या ना. भांडण नको."

सगळ्यांना हे एकदम पटले. सोंगट्यांची पिशवी डोक्याच्या वर धरून, मान वळवून, नियमाप्रमाणे दोन सोंगट्या काढल्या. व्ही आणि सी निघाले. या दोघांचा शब्दच होत नाही, म्हणून अकराही जण कळवळले आणि सोंगट्या परत टाकल्या. दुसऱ्या वेळी एन आणि ई.

"ने," एल्मर म्हणाला. "वा. यादीत आहे."

"आहे," मॅव्हिस म्हणाली. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. "मागे पुढे अक्षरं लावता येतात. उपयोगी शब्द आहे."

"अर्थ काय?" पर्लाने विचारले.

सगळ्यांनी सवयीने यादी उघडली आणि पुन्हा मिटली.

"आपण सगळे मिळून एल्मरच्या पाठीशी आहोत," मॅव्हिस म्हणाली आणि तिने घड्याळ सुरू केले.

एल्मरने घरी येऊन टीनाचा जुना शब्दकोश काढला. 'ने : अमुक नावाने जन्मलेला, फ्रेंचमधून.' बस. एवढ्यावर अर्धा तास काढायचा. त्याने तीन रात्री विचार केला आणि चौथ्या दिवशी न्याहारीला टीनाला वाचून दाखवले. फार पूर्वी फिनिशियन नावाचे खलाशी होते. डोलकाठीवर बसलेल्या खलाशाला जमीन दिसली की तो हात पसरून "ने" असे ओरडायचा. म्हणून नव्याने नजरेस पडलेली कुठलीही गोष्ट म्हणजे ने, आणि म्हणून नवे जन्मलेले मूल म्हणजेही ने.

"हे कुठे वाचलंस?" टीनाने विचारले.

"वाचलं नाही. लावलं."

"म्हणजे तू साठ माणसांसमोर उभा राहून खोटं बोलणार."

"हरकत घेईपर्यंत ते खोटं नसतं, टीना."

"मी येते ऐकायला."

"तू कशाला? खूप थंडी आहे."

"चाळीस वर्षांत तू माझ्याशी सलग अर्धा तास बोललेला नाहीस. तेवढं बोलणार असशील तर मी पहिल्या रांगेत बसणार."

गुरुवारी बाहेर उणे एकतीस होते आणि वाचनालयात हीटर आणि फुकट डोनट होते, त्यामुळे तळघर भरून गेले. एल्मरला ओळखणारी बरीच माणसे आली होती. कोपऱ्यावरचा बर्गरवाला कोस्टास होता, किराणा दुकानवाल्या पाकबाई होत्या, रोज वर्तमानपत्रे वाचायला येणारा म्हातारा वासिल होता, आणि नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीतून आलेल्या ओदील बाई होत्या. ह्या ओदील बाईंनी तीस वर्षे शाळेत लॅटिन शिकवले आहे हे एल्मरला कुणी सांगितले नव्हते. योगावाले गुंडाळलेल्या सतरंज्या घेऊन दाराशी थांबले होते. क्लबचे दहा सभासद दुसऱ्या रांगेत ओळीने बसले होते. त्यांना सोंगट्यांशिवाय हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हते, म्हणून प्रत्येकाने आपापले घड्याळ मांडीवर आणले होते. पर्लाने तपासणीचा संगणकही आणला होता. "सवय," ती म्हणाली.

पहिल्या रांगेच्या मध्यभागी टीना बसली होती. तिने चांगला कोट घातला होता.

एल्मर बोलायला उभा राहिला आणि खरोखर छान बोलला. समुद्र उभा केला, शीड उभे केले, वाऱ्याला मीठ घातले. विनिपेगपासून समुद्र हजार किलोमीटरवर असल्यामुळे कुणाला शंका यायचे कारण नव्हते. त्यातून ही माणसे स्वभावाने इतकी सभ्य की, वक्त्याने चंद्र लोण्याचा आहे म्हटले असते तरी त्यांनी "हो का?" म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या. डॅफ्नीबाई वहीत भराभरा लिहीत होत्या. थाप पचत होती. एल्मर डोलकाठीवर चढला, हात पसरले आणि म्हणाला, "आणि तो खलाशी ओरडला, ने..."

टक्.

दुसऱ्या रांगेतून घड्याळ दाबल्याचा आवाज आला.

"हरकत," मॅव्हिस म्हणाली.

म्हणून झाल्यावर ती स्वतःच दचकली. पण एकतीस वर्षे ज्या बाईने समोरची एकही थाप सोडली नाही, तिचा हात तिच्या डोक्याला विचारून थोडाच चालतो.

"मॅव्हिस," एल्मर दातांतून म्हणाला, "आपण एका बाजूला आहोत."

"माहितेय. तोंडातून गेलं."

"मग मागे घे."

"हरकत मागे घेता येत नाही. नियम आठवा," पलीकडून पर्ला म्हणाली आणि इमानदारीने संगणकात दोन अक्षरे घातली. पडदा हिरवा झाला. "शब्द खरा आहे. मॅव्हिसची पाळी गेली."

"मी शब्दाला नाही, खलाशाला हरकत घेतली," मॅव्हिस म्हणाली.

"खलाशी तपासायची सोय नाहीये."

लोकांना वाटले हा कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणीतरी हसले. कोस्टास डोनट खाली ठेवून उभा राहिला.

"एक मिनिट. हे असं विचारायला परवानगी आहे? तर माझीही हरकत. ने म्हणजे हो."

"हो काय?" एल्मरने विचारले.

"हो म्हणजे हो. ग्रीकमध्ये. आम्ही होकार देतो तेव्हा म्हणतो ने. माझी आई दिवसातनं शंभरदा म्हणते. कुठला खलाशी नि कुठलं काय."

पर्लाने पुन्हा दोन अक्षरे घातली. पडदा पुन्हा हिरवा. तो दुसरे काही होणे शक्यच नव्हते. शब्द यादीत आहे की नाही एवढेच त्या यंत्राला समजत होते.

"शब्द खरा. कोस्टासची पाळी गेली."

"माझी पाळी आली कधी होती?" कोस्टास म्हणाला.

"हो?" वासिल काठी टेकत उठला. "हो कसं असेल? युक्रेनियनमध्ये ने म्हणजे नाही. एखादी गोष्ट करायची नसेल तर तिच्या आधी ने लावतात. ने येत, ने खात. ह्या बर्गरवाल्याला कुणी सांगितलं?"

"माझ्या आईनं सांगितलं. तिला सांगू का, वासिल म्हणतोय तू उलटं बोलतेस?"

"कोरियन," पाकबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी हात वर केला होता आणि दोन मिनिटे तो तसाच होता. "कोरियनमध्ये पण हो. दुकानात गिऱ्हाईक बोलत असताना मी मधूनमधून म्हणते, ने, ने. ऐकतेय, असं."

"बघा," कोस्टास म्हणाला. "दोघं झालो."

वासिलने आजूबाजूला मदतीसाठी पाहिले. दाराशी उभ्या असलेल्या योगावाल्यांतून एक जण म्हणाला की आपण सर्बियन आहोत आणि ने म्हणजे नाहीच. मग योगावाले आत आले आणि सतरंज्या अंथरून खाली बसले, कारण खुर्च्या संपल्या होत्या. एका बाजूला हो म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला नाही म्हणणारे असे आपोआप दोन तट पडले. जो उठेल तो आधी कुठलेतरी घड्याळ दाबायचा, "हरकत" म्हणायचा, आणि पर्ला कर्तव्य म्हणून पुन्हा तीच दोन अक्षरे तपासायची. क्लबवाले प्रत्येक निकाल वहीत टिपून ठेवत होते. मराठीत ने म्हटले की माणूस समोरची वस्तू उचलून चालू लागतो. पण मराठी त्या खोलीत कुणी नव्हते, नाहीतर डोनट उरले नसते.

या गलक्यात ओदील बाई उठल्या आणि शाळेत उठत असाव्यात तशा काही न बोलता उभ्या राहिल्या. खोली शांत झाली.

"टेव्ज साहेब म्हणाले तो जन्मलेल्याचा अर्थ बरोबर आहे. तो आमचा, फ्रेंचचा. लॅटिनमधून आला. त्याच्यात समुद्र नाही. वासिलचं 'नाही', इंग्रजीतलं 'नो', ही सगळी एका फार जुन्या घराण्यातली भावंडं. ग्रीकांचं 'हो' वेगळ्या घरचं, आणि कोरियनचा तर दोघांशीही संबंध नाही. एकाच गल्लीत राहतात, एवढंच."

"आणि माझा खलाशी?" एल्मरने विचारले. विचारायला नको होते, पण विचारले.

"तो अनाथ आहे," ओदील बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तळघर हसून हसून कोसळायचे बाकी राहिले. एल्मरचा ढिम्म चेहरा पहिल्यांदाच पडला. त्याला वाटले, संपले. खोली गेली, गुरुवार गेला, आता सोमवार ते रविवार बायकोसमोर बसायचे. तो कागद गोळा करू लागला.

टक्.

या वेळी आवाज पहिल्या रांगेतून आला. टीनाने मागे वळून मॅव्हिसच्या मांडीवरचे घड्याळ दाबले होते.

"हरकत," ती म्हणाली. "एकच सांगायचंय. आम्ही मेनोनाइट पंथाचे, युक्रेनमधून आलो तरी आमची घरची बोली जर्मन आहे. तिच्यात ने म्हणजे नाही. आम्ही जरा तोंड पसरून म्हणतो, पण शब्द तोच. माझ्या नवऱ्याने हा शब्द शोधायला चार दिवस घालवले. फिनिशियनांकडे गेला, डोलकाठीवर चढला. आणि हाच शब्द मी त्याला चाळीस वर्षं रोज सांगतेय. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. गुरुवारी तीनदा. त्याला आठवला नाही."

खोली पुन्हा हसली. एल्मर हसला नाही. ने. लहानपणी तो अंगणातल्या बर्फात अनवाणी निघाला की त्याची आई खिडकीतून हेच ओरडायची. दुसऱ्यांदा साखर घ्यायला हात गेला की टीना हेच म्हणायची. आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द, आणि पिशवीतून निघाला तेव्हा आपण त्याच्याकडे पाकिटावरच्या पत्त्यासारखे पाहिले, पाकीट उघडलेच नाही. त्याला लाज वाटली, आणि त्याच वेळी टीनाचा विलक्षण अभिमानही वाटला.

पर्लाने अक्षरे घातली. पडदा हिरवा झाला.

"शब्द खरा आहे," ती म्हणाली. "पण नियमाप्रमाणे..."

"हिची पाळी जाणार नाही," मॅव्हिस म्हणाली. "बस खाली."

अर्ध्या तासाचा कार्यक्रम अडीच तासांनी संपला. लोक कोट चढवतानासुद्धा एकमेकांना शब्द विचारत होते. डॅफ्नीबाई वही छातीशी धरून आल्या तेव्हा एल्मर शिक्षा ऐकायला सरळ उभा राहिला.

"टेव्ज साहेब, छानच. मी नोकरीत असं पाहिलं नव्हतं. वासिल इथे अकरा वर्षं येतोय म्हणतात, मला आज कळलं त्याला बोलता येतं. खोली तुमची. कायमची."

क्लबच्या दहा सभासदांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"दर गुरुवारी, एक ते पाच," डॅफ्नीबाई म्हणाल्या. "आजच्यासारखंच. दर आठवड्याला एक नवा शब्द. योगावाले पण येणार म्हणालेत."

"आणि आम्ही खेळायचं कधी?" मॅव्हिसने विचारले.

"खेळायचं? खेळ तर छानच. पण तो कुठेही खेळता येईल ना," असे म्हणून डॅफ्नीबाई गोड हसून गेल्या.

अशा रीतीने एल्मरने खोली वाचवली आणि क्लब रस्त्यावर आणला. एल्मर गाडीत बसल्यावर सभासदांनी एकेक करून खिडकीतून त्याच्याकडे बघितले.

घरी आल्यावर त्याने टीनाचा कोट खुंटीला लावला. तसे तो एरवी करत नसे.

"टीना," तो म्हणाला, "मंगळवारी जर इथे..."

"ने."

"हरकत," एल्मर म्हणाला. तोंडातून गेले.

टीनाने हातातली किटली खाली ठेवली. "शब्द यादीत आहे?"

"आहे."

"मग खरा. म्हणजे काय झालं आता?"

एल्मरने मान खाली घातली. "माझी पाळी गेली."

"आणि आता पाळी कुणाची?"

"तुझी."

टीना खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. पंधरा वर्षे तिने या पाळीची वाट पाहिली होती आणि तिला मुळीच घाई नव्हती.

"मंगळवारी या," ती म्हणाली. "दोन ते पाच. बूट बाहेर काढायचे. आणि ह्या घरात प्लात्झ हा शब्द आहे. मॅव्हिसला सांग, तिच्या यादीत पेनानं लिहून घे म्हणावं. पेन्सिलीनं नाही."

"टीना, यादी अधिकृत असते. त्यात असं कुणालाही..."

"ने," टीना म्हणाली, आणि या वेळी एल्मरने हरकत घेतली नाही.

मंगळवारी दहा जोडी बूट दाराबाहेर बर्फात उभे होते. आत घड्याळे टकटकत होती आणि भट्टीतून प्लम आणि लोण्याचा वास येत होता. एल्मरचा डाव मॅव्हिसशी होता आणि तो सदतीस गुणांनी पुढे होता. टीना ताट घेऊन त्याच्या खुर्चीमागे आली, तेवढ्यात मॅव्हिसने आपल्या पट्टीवरच्या पाच सोंगट्या उचलल्या आणि एकेक करून तिप्पट गुणांच्या लाल चौकोनापर्यंत नेऊन ठेवल्या. पी, एल, ए, टी, झेड.

अठ्ठेचाळीस गुण. मॅव्हिसचा चेहरा दगडी होता. तिने घड्याळ दाबले.

एल्मरचा हात आपोआप घड्याळाकडे निघाला. संगणक पलीकडेच होता. दोन सेकंदांत पडदा लाल झाला असता, मॅव्हिसने सोंगट्या उचलल्या असत्या, डाव त्याचा झाला असता. मागून सुरी ताटाला लागल्याचा बारीकसा आवाज आला. त्याचा हात वाटेतच वळला आणि रिकाम्या बशीवर जाऊन थांबला.

"हरकत?" मॅव्हिसने विचारले.

"ने," एल्मर म्हणाला, आणि त्याने बशी पुढे केली.